असईच्या तोफा आणि थकलेला रोजमुरा

एका वाचकाने विचारलं आहे: "मराठे इंग्रजांपुढे हरले ते तोफांमुळे की फितुरीमुळे? आणि आज चीन लहान देशांना कर्जं देऊन बंदरं घेतो, अमेरिका डॉलरच्या जोरावर कुणाचीही कोंडी करते, हा त्याच साम्राज्यवादाचा नवा अवतार म्हणायचा का?"

मी गेली सत्तावीस वर्षं मोडी कागद वाचते. लढायांची बखर किंवा राजकारणाची पत्रं माझ्या वाट्याला कमी आली, जास्त आले ते हिशेब: रोजकीर्दी, ताळेबंद, वराता, सावकारांची खाती. त्यामुळे माझं उत्तर हिशेबाच्या बाजूने येईल, हे आधीच सांगते. तोफा आणि फितुरी दोन्ही खऱ्या आहेत, पण त्या दोन्हींच्या मागे एक तिसरी गोष्ट उभी आहे. शिपायाचा पगार महिन्याच्या महिन्याला कोण देऊ शकत होतं आणि त्यासाठी लागणारा पैसा कुणाला विश्वासावर मिळत होता, ही ती गोष्ट.

आधी तोफांचं बघू. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातल्या असई गावापाशी, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर हल्ला केला. तो जिंकला, पण त्याची दीड हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. प्रत्यक्ष लढलेल्या फौजेचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा. हा माणूस पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून आला, तरी असईची लढाई तो आयुष्यभर विसरला नाही. शिंद्यांच्या तोफा आग्र्याच्या कारखान्यात ओतलेल्या होत्या आणि इंग्रजांच्या तोफांच्या तोडीस तोड होत्या. १ नोव्हेंबरला लासवारीला इंग्रज सेनापती लॉर्ड लेकचाही हाच अनुभव. शिंद्यांच्या कंपूंचे, म्हणजे कवायती फौजांचे, बहुतेक युरोपी अधिकारी तोवर निघून गेले होते, तरी शिपाई जागचे हलले नाहीत. तेव्हा आपल्याकडे शस्त्रं जुनाट होती, कवायत नव्हती, म्हणून हरलो, हे शाळेत शिकवलेलं उत्तर १८०३ ला तरी लागू पडत नाही.

मग फितुरी? ते अधिकारी का गेले, हे विचारायला हवं. युद्ध सुरू होताच कंपनीने जाहीरनामा काढला: शिंद्यांची चाकरी सोडून या, तुमच्या पगाराची सोय आम्ही करतो. बरेच जण गेले. अलीगढ पडल्यावर शिंद्यांचा सेनापती पेराँ स्वतःच लेकच्या आश्रयाला गेला. याला फितुरी म्हणाच. पण असा जाहीरनामा शिंद्यांना उलट काढता आला नसता. त्यांनी काढला असता तरी कलकत्त्याच्या पलटणीतला कुणी आला नसता, कारण शिंद्यांचा रोजमुरा, म्हणजे शिपायांचा पगार, महिनोन् महिने थकतो हे सगळ्या हिंदुस्थानाला ठाऊक होतं. महादजींच्या काळात त्यांचा युरोपी सेनापती द बॉयन याने हे ओळखलं होतं. आपल्या कंपूंच्या पगारासाठी त्याने दोआबातला मुलूख वेगळा तोडून घेतला होता आणि म्हणून ते कंपू महादजींचं बळ ठरले. पगार वेळेवर, म्हणून पलटण पक्की, इतकं ते सरळ होतं.

आता पुण्याच्या हिशेबाकडे येते. थोरल्या बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडून कपाळाचं कातडं झिजलं, असं ज्याच्या नावाने दिल्ली हादरायची तो माणूस लिहितो. पेशव्यांना कर्ज साधारण वर्षाला बारा ते अठरा टक्क्यांनी मिळे. थोरल्या माधवरावांनी १७७२ मध्ये थेऊरला मृत्युशय्येवर जी कलमं लिहून ठेवली, त्यात कर्जफेडीची चिंता आहे. मला ते कलम फार लागतं. सत्तावीस वर्षांचा मुलगा क्षयाने मरतो आहे आणि सरकारचं देणं फिटलं पाहिजे हे त्याच्या मनात आहे. पुढे हे व्रत कुणी सांभाळलं नाही.

पैसा उभा करण्याची रीतच अशी होती की तिला तळ लागायचा. कमाविसदार, म्हणजे महसूल गोळा करणारा अधिकारी, नेमताना त्याच्याकडून वर्षाच्या वसुलाची रसद आगाऊ घ्यायची. तो ती सावकाराकडून व्याजाने आणणार आणि व्याजासकट रयतेकडून काढणार. सरदाराला पैसे द्यायचे तर एखाद्या परगण्यावर वरात, म्हणजे तिथल्या वसुलातून पैसे घेण्याची चिठ्ठी, द्यायची. तो तिथे पोचेपर्यंत त्याच वसुलावर आणखी कुणाची वरात येऊन बसलेली. मुलूख लांबवर पसरला होता, पण पुण्याच्या तिजोरीत खात्रीने येणारी रक्कम त्या मानाने थोडी होती. सावकार हे जाणून होता, म्हणून व्याज चढं होतं.

१७९८ मध्ये तर राज्याने सावकारालाच खाल्लं. दुसऱ्या बाजीरावाने गादीसाठी दौलतराव शिंद्यांना प्रचंड रक्कम कबूल केली होती आणि ती देता येईना. शिंद्यांचे शिपाई पगारासाठी अडून बसलेले. तेव्हा शिंद्यांचा सासरा सर्जेराव घाटगे याला पुण्यात मोकळा सोडण्यात आला. ज्यांच्याकडे पैसा असल्याचा संशय होता, त्यांना पकडून, मारहाण करून तो काढण्यात आला. त्या काळातले कागद वाचताना हात थांबतो. माणसांचे हाल तर आहेतच, पण त्या काही महिन्यांत पुण्याने आपली पत स्वतःच्या हाताने जाळली. पुण्याच्या राजाला कर्ज द्यायला त्यानंतर कोण धजावणार होतं?

इंग्रजांकडे याच्या नेमकं उलट चाललं होतं. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघाली ती राजाला बारा लाख पौंड कर्ज देण्यासाठी, आठ टक्क्यांनी. ते व्याज कुठल्या करातून जाणार हे पार्लमेंटने कायद्याने बांधून दिलं होतं. पुढच्या शंभर वर्षांत फ्रान्सशी युद्धामागून युद्धं झाली, पण व्याज चुकलं नाही. १८१५ मध्ये ब्रिटनचं कर्ज ८० कोटी पौंडांच्या वर होतं, देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या सुमारे दुप्पट, तरी लोक सरकारला पैसे द्यायला तयारच होते. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे अमेरिकेतल्या चांदीच्या खाणी होत्या आणि तरी त्याने १५५७, १५७५ आणि १५९६ मध्ये सावकारांपुढे हात वर केले. त्याच्याविरुद्ध बंड केलेल्या इवल्याशा नेदरलँड्सला पैसे सहज मिळत गेले. महासत्ता म्हणून कोण टिकलं, हे तुम्हाला माहीतच आहे.

कंपनीला हिंदुस्थानात लंडनइतका स्वस्त पैसा मिळत नव्हता, हेही सांगायला हवं. गव्हर्नर-जनरल रिचर्ड वेलस्लीच्या, म्हणजे आर्थरच्या थोरल्या भावाच्या, युद्धांनी ती कर्जात बुडत चालली होती आणि १८०५ मध्ये त्याला परत बोलावण्यामागे हे एक कारण होतं. पण तिला पैसे देणारे होते, आणि ते आपलेच लोक होते. सुरत-मुंबईचे त्रवाडी अर्जुनजी नाथजी, बनारसचे गोपालदास मनोहरदास यांच्या हुंड्यांवर कंपनीच्या पलटणी चालत होत्या. अनेकांना हे वाचून राग येतो. मला त्यांच्यावर रागावता येत नाही. पुण्यात सर्जेराव आणि मुंबईत मुदतीचा रोखा, असं समोर असेल तर सावकार कुठे जाईल?

मात्र ही पत कशावर उभी होती, तेही पाहिलं पाहिजे, नाहीतर हा हिशेब इंग्रजांचं कौतुक होऊन बसेल. तळाशी बंगाल होता. १७६५ मध्ये शाहआलमकडून वर्षाला २६ लाख रुपये देण्याच्या बोलीवर कंपनीने बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी, म्हणजे सारा वसूल करण्याचा हक्क, घेतली. पाच वर्षांत तिथे दुष्काळ पडला. वॉरन हेस्टिंग्जच्या अंदाजाप्रमाणे निदान एक तृतीयांश माणसं मेली, आणि त्यानेच कळवलं की १७७१ चा वसूल १७६८ पेक्षाही जास्त झाला. माणसं मेली आणि सारा वाढला, ही ती पत. मुंबई इलाखा कायम तोट्यात असे आणि तो तोटा बंगालच्या पैशाने भरून निघे. आर्थर वेलस्लीचे शिपाई असईला चालून आले तेव्हा त्यांच्या पगारात बंगालच्या शेतकऱ्याचाही सारा होता.

बंगालचं नाव निघालं आहे तर आपलंही खातं उघडते. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या बारगिरांनी बंगाल लुटला आणि १७५१ मध्ये वर्षाला १२ लाखांची चौथ ठरवून घेतली. तिथल्या अंगाईगीतात आजही बर्गी येतात, सारा कुठून देऊ असं आई विचारते. आम्ही साम्राज्यवादी नव्हतो, असं मला म्हणता येत नाही. फरक एवढाच की चौथ घेणारा चौथाई घेऊन परत जायचा. कंपनी राहिली, मोजणी केली, दफ्तर बसवलं आणि त्या दफ्तराच्या तारणावर कर्ज काढलं. अधिक दयाळू म्हणून ती जिंकली नाही, तिचं शोषण अधिक नियमित होतं.

याच नियमितपणातून तैनाती फौज निघाली. माझ्या मते त्या शतकातला हा सर्वांत घातक शोध होता, कारण जिंकायच्या राज्याकडूनच जिंकणाऱ्या फौजेचा खर्च काढायची सोय त्यात होती. हैदराबादच्या निजामाने १७९८ मध्ये रोख पैसे देण्याची बोली केली. १८०० मध्ये रोख रकमेऐवजी मुलूखच दिला: बेल्लारी, कडप्पा वगैरे, टिपूशी झालेल्या दोन युद्धांत कंपनीच्या साथीने मिळवलेलाच. १८०१ मध्ये अवधच्या नवाबाकडून निम्मं राज्य घेतलं. मग होळकरांकडून हडपसरला हरून पळालेल्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला सही केली: सहा हजार पायदळ, आणि त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत इंग्रजांची लवादी, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कुणाशीही राजकारण नाही. असईची लढाई होण्याच्या नऊ महिने आधी खरी गोष्ट कागदावर होऊन गेली होती.

आता वऱ्हाडकडे येते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे, आणि महाराष्ट्रात हे फारसं सांगितलं जात नाही.

निजामाकडे तैनाती फौजेखेरीज आणखी एक फौज उभी राहिली, हैदराबाद कंटिन्जंट. तहात तिची तरतूदच नव्हती. रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, हेन्री रसेल याने ती वाढवत नेली, अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, पगार निजामाच्या तिजोरीतून. तिजोरीत पैसे नव्हते, तेव्हा विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी पुढे आली. गोऱ्यांनी संस्थानिकांना कर्ज देऊ नये असा कायदा होता, त्यातून १८१६ मध्ये तिला सूट मिळाली. व्याज पंचवीस टक्क्यांपर्यंत. पुढे मेटकाफ रेसिडेंट झाला, त्याने हे प्रकरण बाहेर काढलं आणि १८२४ मध्ये पेढी बुडाली. पण कंटिन्जंट तशीच राहिली आणि पगाराची बाकी आता थेट कंपनीच्या नावे चढू लागली. १८५३ मध्ये डलहौसीने हिशेब पुढे केला: देणं द्या, नाहीतर मुलूख लावून द्या. वऱ्हाड, नळदुर्ग-धाराशिव आणि रायचूर दोआब निजामाने लावून दिले. गोळी झडली नाही.

चारच वर्षांत सत्तावनचा उठाव झाला आणि ही कंटिन्जंट सर ह्यू रोजच्या मोहिमेत बुंदेलखंडात उतरली. झाशीच्या राणीविरुद्ध आणि तात्या टोप्यांविरुद्ध लढलेल्या फौजेचा पगार वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतून गेला होता. १८६० मध्ये बक्षीस म्हणून धाराशिव आणि रायचूर परत दिले, सुमारे ५० लाखांचं कर्ज माफ केलं, पण वऱ्हाड ठेवलं. त्या तहात एक कलम आहे: वऱ्हाडच्या खर्चाचा हिशेब निजामाने यापुढे मागायचा नाही. शिल्लक उरलीच तर ती देऊ. मी आयुष्यभर हिशेब वाचत आले, आणि साम्राज्यवादाची याहून नेमकी खूण मला दुसरीकडे सापडलेली नाही. कर्ज माफ झालं होतं, म्हणजे कारणच उरलं नव्हतं. तरी मुलूख त्यांच्याकडे आणि वही बंद.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरला कापूस मिळेना आणि वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला येऊन गेला. निजामाचा दिवाण सालारजंग वर्षानुवर्षं वऱ्हाड परत मागत राहिला, १८७६ मध्ये विलायतेपर्यंत गेला. मिळालं नाही. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाखांवर कायमचा पट्टा करून घेतला.

हाच नमुना इजिप्तमध्ये गेला, तिथेही कापूसच होता. तिथला खेदिव्ह, म्हणजे राज्यकर्ता, इस्माईल कर्जात बुडाला. १८७५ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान डिझरायली याने रोथ्सचाइल्ड या सावकारी पेढीकडून पैसे उचलून सुएझ कालव्याचे त्याचे भाग ४० लाख पौंडांना घेतले. पुढच्या वर्षी वसुलावर युरोपी सावकारांचं मंडळ बसलं. लोक उराबी या लष्करी अधिकाऱ्याच्या मागे उभे राहिले तेव्हा १८८२ मध्ये अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या गेल्या. त्या मोहिमेत हिंदुस्थानी पलटणी होत्या आणि त्यांचा खर्चही आपल्या माथी मारला गेला. त्यानंतर इजिप्तवर चोवीस वर्षं हुकमत गाजवणारा एव्हलिन बेअरिंग तिथे गेला तो हिंदुस्थान सरकारच्या अर्थखात्यातून. अमेरिकेनेही यात मागे राहायचं ठेवलं नाही. डिसेंबर १९१४ मध्ये तिचे नौसैनिक हैतीच्या बँकेतलं पाच लाख डॉलरचं सोनं न्यूयॉर्कला घेऊन गेले, आणि १९१५ ते १९३४ तो देश त्यांच्या ताब्यात होता.

मग १९५६. इजिप्तच्या नासरने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, ब्रिटन आणि फ्रान्सने इस्राएलला हाताशी धरून हल्ला केला. लष्करी दृष्टीने मोहीम जमत होती. पण पौंड घसरायला लागला आणि आयझेनहॉवरने सांगितलं की फौज मागे घेतल्याशिवाय नाणेनिधीतून मदत मिळू देणार नाही. युद्धबंदी झाली आणि फौज मागे गेली. ज्या कालव्याचे भाग उसन्या पैशाने घेऊन ब्रिटन तिथे शिरलं होतं, तिथून उसना पैसा न मिळाल्याने ते निघालं. डॉलरच्या जोरावर कोंडी म्हणता ती ही. २०२२ मध्ये रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली गेली, तेव्हा तेच हत्यार किती मोठं झालं आहे ते दिसलं. अर्थात त्या हत्याराचा पाया पुन्हा पतच आहे. अमेरिकेचं कर्ज २०२४ मध्ये ३५ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलं आणि त्याच आर्थिक वर्षात व्याजाचा खर्च संरक्षणखर्चाहून जास्त झाला. उद्या काय होईल यावर मी पैज लावणार नाही, पण माझी नजर विमानवाहू नौकांपेक्षा त्या व्याजावर असते.

चीनबद्दल सरसकट "कर्जाचा सापळा" म्हणणं मला पटत नाही. श्रीलंकेतल्या हंबनटोटा बंदराचं उदाहरण सगळे देतात. कर्ज थकलं म्हणून बंदर जप्त झालं, असं जे सांगितलं जातं, तसं झालेलं नाही. २०१७ मध्ये श्रीलंकेने ते ९९ वर्षांच्या पट्ट्याने चिनी कंपनीला दिलं आणि ११२ कोटी डॉलर घेतले. ते पैसे गंगाजळी भरायला वापरले आणि बंदरासाठी घेतलेलं चिनी कर्ज तसंच डोक्यावर राहिलं. श्रीलंकेच्या परदेशी देण्यात सर्वांत मोठा वाटा चीनचा नव्हता, खुल्या बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता. एप्रिल २०२२ मध्ये देश दिवाळखोर झाला त्यात करकपात, कोरोना आणि तिथल्याच राज्यकर्त्यांचा उधळेपणा होता. ९९ वर्षं हा आकडा मात्र मनात सलतो, कारण १८९८ मध्ये ब्रिटनने चीनकडूनच हाँगकाँगलगतचा मुलूख याच मुदतीने घेतला होता.

म्हणून हंबनटोटाला मी वऱ्हाडशेजारी ठेवून बघते. वऱ्हाडात कर्ज कशामुळे झालं? जी फौज निजामाच्या हुकमात नव्हती तिच्या पगारामुळे. हंबनटोटात तसं नाही. बंदर श्रीलंकेच्या निवडून आलेल्या सरकारला हवं होतं, ते सरकार लोकांनी २०१५ मध्ये घालवलं, नव्या सरकारने पट्टा केला, आणि २०२२ मध्ये लोकांनी राष्ट्राध्यक्षालाच पळवून लावलं. सालारजंगाला यातलं काहीच करता आलं नव्हतं. पण चिनी बँकांच्या अनेक करारांत अटी उघड करायच्या नाहीत असं कलम असतं, आणि ते वाचलं की मला १८६० चा तह आठवतो. तेव्हा माझं उत्तर असं: आज जे चाललं आहे ते अजून वऱ्हाड नाही, पण वऱ्हाडही सुरुवातीला वऱ्हाड नव्हतं. १८१६ मध्ये ती फक्त एका पेढीला मिळालेली सूट होती.

पुढच्या वेळी अशा एखाद्या बंदराची, खाणीची किंवा विमानतळाची बातमी वाचाल तेव्हा रकमेच्या आणि व्याजदराच्या पुढे जाऊन दोन गोष्टी शोधा. तिथे पहारा कुणाचा आणि त्याचा पगार कुणाच्या खात्यातून जातो, ही एक. आणि त्या देशाच्या संसदेला तो करार पूर्ण वाचायला मिळाला आहे का, ही दुसरी.